भगत सर, तुमची ‘ब’ तुकडी माझ्याकडे आली आहे

भगत सर,

‘तुम्ही गेलात यावर अजून विश्वास बसत नाही’ असं मी आधी लिहिलं आणि खोडलं. विश्वास बसलाय. नागपूरहून तुम्हाला घेऊन गाडी आली तेव्हा मी तुमच्या दारातच वहिनींना धरून उभी होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुमच्या फोटोवरचा हार वाकडा झाला, तो मीच सरळ केला. तेव्हा त्यात विश्वास न बसण्यासारखं काही उरलेलं नाही. मला शंका आहेत त्या वेगळ्याच, आणि त्या तुम्हालाच विचारायच्या होत्या.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. माझी आई म्हणायची, ही पोरगी देवाच्या प्रसादाचाही आधी वास घेऊन बघेल. परीक्षेच्या हॉलमध्ये पोरगं पाणी प्यायला उठलं तरी मी त्याच्या तळहाताकडे बघते. तुमच्यावर तर पहिल्या दिवसापासून माझा संशय होता. मुकुटबनच्या बाजूने बदलून आलेला मराठीचा मास्तर, आणि पोरं त्याच्या तासाला पळून जात नाहीत, म्हणजे काहीतरी भानगड असणार. एक तर हा गोष्टी सांगून वेळ काढतो, नाहीतर पोरांचे निबंध हा स्वतःच लिहून देतो. दुसरी शंका मी कित्येक वर्षं जपून ठेवली होती.

तुम्हाला जाऊन आठवडा झाला नसेल, तोच हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि चहा मागवला. हेडसरांनी चहा मागवला की काहीतरी गळ्यात पडणार हे आपल्या शाळेत शिपायालाही माहीत आहे.

“मॅडम, दहावी ‘ब’ची मराठी आता तुमालेच घ्या लागते,” ते म्हणाले.

“काहून? दुसरं कोनी नाई काय?”

“हाये ना. पन बोर्ड तोंडावर आलं. भगत सरायनं पोरायकडून एकबी निबंध पाठ करून घेतला नाई. तुमी घ्या करून. तुमचे तं तयारच असतात.”

तुमचे तयारच असतात. ही स्तुती होती की टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही. पण एवढं कळलं की ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन तुकड्यांमध्ये आपण वर्षानुवर्षं जे भांडण चालवलं, त्याचा निकाल आता मला एकटीला लावायचा आहे. परीक्षेला महिना राहिलाय. तुमच्या पोरांना तुमच्या रीतीने लिहू द्यायचं, की माझ्या रीतीने पाठ करायला बसवायचं?

आणि हे नुसतं मास्तरांचं भांडण नाही. आपल्याकडची ही वर्षं कशी चालली आहेत ते तुम्ही पाहून गेलात. भाव चढेल या आशेने लोकांनी कापूस घरातच भरून ठेवलाय. पुढच्या खोलीत पार छतापर्यंत ढीग, पोरं त्याच्यावरच झोपतात आणि सकाळी हातपाय खाजवत वर्गात येतात. वेचणीच्या दिवसांत तर अर्धे बाक रिकामे. अशा घरातल्या पोरीचा मराठीचा पेपर गेला तर उन्हाळ्यात तिचं लग्न लावून मोकळे होतील. पोरगा नापास झाला तर कापसाच्या जिनिंग मिलवर जाईल, नाहीतर पुण्याकडे कुठल्या तरी कंपनीत. एका निबंधाच्या मार्कांवर कुणाचंतरी अकरावीत जाणं अडलेलं असतं. म्हणून मी पाठ करून घेत होते, सर. तुम्हाला वाटायचं तशी मी रट्टा मारण्याची भक्त नव्हते.

आठवतं, यवतमाळला त्या प्रशिक्षणात आपण शेजारी बसलो होतो? पुण्याकडून आलेल्या त्या बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, ‘उत्पादनाधारित लेखन’ आणि ‘प्रक्रियाधारित लेखन’. मी तुमच्या कानात म्हटलं, हे जिनिंगवाल्याचं बोलणं वाटते, सरकी वेगळी अन रुई वेगळी. तुम्ही हसलात. मला वाटलं, चला, हा माणूस आपल्यातला आहे. मग त्या बाईंनी समजावलं. काही शिक्षक मुलासमोर चांगला निबंध ठेवतात आणि तसाच लिहायला सांगतात, म्हणजे त्यांचं लक्ष शेवटी हातात येणाऱ्या मालावर. काही शिक्षक मुलाला आधी कच्चं लिहू देतात, वाचून दाखवायला लावतात, खोडू देतात, पुन्हा लिहू देतात. मी वहीवर आकाशकंदील काढत बसले होते. जेवणाच्या सुट्टीत बघते तर तुम्ही पोळी हातात धरून त्या बाईंना प्रश्न विचारताय. परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात आणि मारेगाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मी मनात म्हटलं, गेला हा हातचा.

त्यानंतर तुमच्या वर्गातून मोठमोठ्याने आवाज यायला लागले. पोरं एकमेकांना वाचून दाखवतायत, प्रश्न विचारतायत, खोडरबर मागतायत. माझ्या ‘अ’मध्ये तेव्हा सगळे एका सुरात ‘शेतकऱ्याचे मनोगत’ म्हणत असत. तुम्ही पॅसेजमध्ये गाठून मला म्हणायचात, “मॅडम, तुमच्या पोरायचे पेपर तपासनाऱ्याले वाटत असन, या वर्गात एकच पोट्टं हाये.” मी म्हणायचे, “एकच असू द्या, पास तर हाये.”

पण त्या ‘शेतकऱ्याच्या मनोगता’वरून आपलं जे वाजलं, ते चेष्टेचं नव्हतं. तुम्ही स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणालात, ज्या पोराच्या घरी बोंडं किडून गेली, बाप ओसरीवर मान खाली घालून बसलाय, त्या पोराला तुम्ही ‘मी काळ्या आईचा भाग्यवान लेक’ लिहायला लावता, तुम्हाला काही वाटत नाही काय? मला वाटत होतं, सर. वाटत होतं म्हणूनच लावत होते. तुमच्या वर्गात एका पोरीने घरातली गोष्ट कच्च्यात लिहिली, वाचून दाखवली, आणि संध्याकाळपर्यंत ती गावभर झाली. तिची आई दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभी होती, पदर तोंडावर धरून. आत आली नाही, भांडली नाही, नुसती उभी राहिली. म्हणून मी म्हणत होते की लेकराला एक तयार वाक्य द्या, त्याच्या आड त्याला उभं राहता येतं. कुठल्या तरी गावच्या परीक्षकाला त्याने आपलं घर उघडून कायले दाखवायचं? तुम्ही तेव्हा गप्प बसलात. माझं पटलं होतं की मी बाई माणूस म्हणून तुम्ही वाद सोडून दिलात, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पटलं असावं, असं मला एकदाच वाटलं. ते शहरातले पाहुणे आले होते तेव्हा. बोंडं किडली त्या वर्षी अशा गाड्या येतच होत्या, कॅमेरे, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. त्यांना ‘कापूसवाल्यांच्या लेकरांचं लेखन’ हवं होतं, अगदी त्यांच्या स्वतःच्या शब्दांतलं. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. माझी खात्रीच होती की हा भगत आता सगळे कच्चे कागद त्यांच्या हवाली करणार आणि पेपरात फोटो छापून आणणार. मी पाळत ठेवली, खोटं कशाला बोलू. तुम्ही कपाट उघडलंत, गठ्ठा काढलात, त्यांना दिलात, ते नमस्कार करून गेले. मी तावातावाने तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, “बसा मॅडम. तुमच्या ‘अ’चे ‘शेतकऱ्याचे मनोगत’ दिले त्यायले. सगळेच्या सगळे. आता बसतीन वाचत, भाग्यवान लेक, भाग्यवान लेक.” मला विचारल्याशिवाय माझ्या तुकडीचे कागद दिले म्हणून मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. पण घरी जाऊन एकटीच हसत बसले होते. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुमच्या रीतीत खोट होती, हे मात्र मी तुम्ही नाही म्हणून सोडणार नाही. त्या वर्षीचा बोर्डाचा पेपर आठवा. तुमच्या हुशार पोरांनी बोर्डाच्या उत्तरपत्रिकेतच आधी कच्चा निबंध लिहिला. मग तो आडव्या रेघा मारून खोडला. मग पुन्हा लिहायला घेतला, आणि अर्ध्यावर घंटा झाली. अख्ख्या महाराष्ट्रात असली चूक फक्त तुमची पोरं करू शकतात. हॉलच्या बाहेर येऊन एकाने तुम्हाला अभिमानाने सांगितलं, “सर, म्या पयलं खोडून टाकलं, दुसरं लय चांगलं होऊन राह्यलं होतं.” तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि माझ्याकडे बघितलं नाहीत. तेव्हा मी काही बोलले नाही, आज बोलते. त्या पोराचं वर्ष तुमच्या प्रक्रियेने खाल्लं.

आता माझा खरा राग सांगते. दिवाळीनंतर तुम्ही सारखे नागपूरला जात होतात. विचारलं तर म्हणायचात, “भाचीचं जमवून राह्यलो.” डबा आणणं बंद केलंत. पँट पट्ट्याने गोळा करून कमरेला बांधलेली असायची. मला सगळं दिसत होतं, आणि मी त्याचे अर्थही लावले. डबा बंद, म्हणजे वहिनींशी बिनसलं असावं. नागपूरच्या फेऱ्या, म्हणजे तिकडे बदलीची खटपट चालू आहे, हा आता ‘ब’ला वाऱ्यावर सोडून पळणार. मी तुम्हाला तोंडावर म्हटलं, “सर, जायचं असन तं सांगून जा.” तुम्ही म्हणालात, “सांगूनच जाईन, मॅडम.” सांगितलं नाहीत. संक्रांतीला माझ्या घरचा तिळगूळ घेतलात, तोंडात न टाकता खिशात ठेवलात, आणि पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. इतकी वर्षं मी तुमच्यासमोर बसून चहा प्यायले, आणि तुमच्या पोटात काय वाढतंय ते मला परक्यासारखं शेवटी कळलं. का सर? माझ्यावर तुमचा एवढाही भरवसा नव्हता काय?

हा राग घेऊनच मी ‘ब’मध्ये पहिल्यांदा गेले. पोरांचे डोळे सुजलेले होते. त्यातले किती रडून सुजलेत आणि किती कापसाच्या ढिगावर झोपून, याचा अंदाज मी घेत होते. माझ्या पर्समध्ये तयार निबंध होते. पण म्हटलं, आधी बघूच तुमची प्रक्रिया काय करते ती. फळ्यावर विषय लिहिला, ‘माझे आवडते शिक्षक’, आणि म्हटलं, लिहा.

त्यांनी लिहिलं. मी बाकांमधून फिरत वाचायला लागले. ‘क्रूर काळाने त्यांच्यावर घाला घातला.’ पुढच्या बाकावर, ‘त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही.’ त्याच्या मागे पुन्हा काळ, पुन्हा घाला, पुन्हा पोकळी. मला कॉपी ओळखता येते, सर, त्यातच माझा जन्म गेलाय. पण ही कुठून झाली ते लक्षात यायला मला जरा वेळ लागला.

“हे कुठून आनलं?” मी विचारलं.

शीतल उभी राहिली. तीच ती आत्रामांची शीतल, तुमच्या वर्गात सगळ्यांत जास्त खोडणारी. म्हणाली, “तुमच्या भाषनातून, मॅडम. शोकसभेतल्या. लय भारी झालतं.”

मी जिंकले होते. तुमचीच पोरं, तुमच्याच मरणावर, माझी तयार वाक्यं लिहीत होती. एवढ्या वर्षांच्या भांडणाचा निकाल समोरच्या बाकांवर पडला होता. आणि मला इतकं वाईट वाटलं की मी खिडकीकडे जाऊन उभी राहिले. ते भाषण मी आपल्या संस्थेच्या अध्यक्षांच्या वडिलांसाठी केलं होतं. शिपायाच्या आईसाठीही तेच. त्यात तुम्ही कुठेच नव्हतात.

“खोडा,” मी म्हटलं.

सगळ्यांनी खोडलं. पटापट, जसं काही वाटच बघत होते. मग शीतल म्हणाली, “मॅडम, सर बी लिहत आमच्यासंगं. आन पयलं सरच वाचत.”

हे मला माहीत नव्हतं. मी तुमच्या खुर्चीत बसून लिहिलं आणि वाचून दाखवलं. ‘आदरणीय भगत सर हे एक आदर्श, मनमिळाऊ व विद्यार्थिप्रिय…’ तुमचा नियम त्यांनीच मला सांगितला, की ऐकणाऱ्याने चांगलं-वाईट म्हणायचं नाही, फक्त विचारायचं. एकाने विचारलं, “मॅडम, तुमी तं सरासंगं रोज भांडत होत्या. थे कुठी गेलं?” मी ‘आदरणीय’ खोडलं. मग ‘मनमिळाऊ’ खोडलं. मग काही उरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरून लिहून नेलं. त्या पाहुण्यांची गंमत होती, आकाशकंदील होता, आणि शेवटी होतं की सर मला न सांगता गेले, याचा मला फार राग आला आहे. वाचून झालं तरी कुणी काही विचारेना. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अशा नजरा मी परीक्षेच्या हॉलमध्ये आयुष्यभर पकडल्या आहेत.

“काय झालं? मले दिसून राह्यलं, काईतरी हाये.”

शीतल उठली, बसली, पुन्हा उठली. “मॅडम, आमाले ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“सर बिमार हायेत म्हनून. एक डाव शिकवता शिकवता खिडकीपाशी जाऊन ओकले. म्या पानी देलं. मंग त्यायनं सगळं सांगतलं आमाले. लपवलं नाई.”

मी हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला. तुम्ही या लेकरांना सांगितलंत, सर. पंधरा वर्षांच्या लेकरांना सगळं कच्चं दाखवलंत, आणि माझ्यासमोर रोज इस्त्रीचा शर्ट घालून ठणठणीत बसलात.

“मंग मले काहून नाई सांगतलं?” मी विचारलं. मला पोरांना नाही, तुम्हाला विचारायचं होतं, पण समोर तीच होती.

 शेवटी मागच्या बाकावरून एक जण खाली बघत म्हणाला, “सर म्हने, राऊत मॅडमले सांगू नका. त्या आजच शोकसभेचं भाषन लिहून ठेवतीन.”

वर्गात कुणी हसलं नाही. मी हसले. खूप हसले, आणि मग त्याच खुर्चीत बसून तुमच्या पोरांसमोर रडले. कारण खरं होतं ते, सर. दिवाळीत कळलं असतं तर महिन्याच्या आत माझं भाषण तयार असतं. आणि त्या दिवसापासून मी तुमच्याशी भांडले नसते. तुम्हाला डब्यातून मऊ खिचडी आणून दिली असती, दोन पायऱ्या चढताना हात धरला असता, सर सर करून तुमची प्रत्येक गोष्ट पटवून घेतली असती. तुम्ही अजून जिवंत असताना मी तुम्हाला आदरणीय करून टाकलं असतं.

मी डोळे पुसले आणि वर्गाला एवढंच सांगितलं की इथे महिनाभर वाटेल तेवढं खोडा, पण पेपरात कच्चं लिहायचं नाही, तिथे सरळ लिहायचं. तयार निबंध मी फाडलेले नाहीत. वर्गात दोघं-तिघं असे आहेत की त्यांना आपल्या घरचं कुणाला दाखवायचं नाही, त्यांना मी ते देणार आहे. यात तुमचं किती आणि माझं किती, यावर तुम्ही नक्की काहीतरी बोलला असतात, आणि मी ते खोडून काढलं असतं. आता मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये जाते, आणि मी काहीही म्हटलं तरी सगळे माना डोलावतात. मला ते सहन होत नाही, सर.